जे. बी. एस. हॉल्डेन : संकराच्या नियमापासून भुवनेश्वरपर्यंत

लडाखमध्ये याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या नराला ‘झो’ आणि मादीला ‘झोमो’ म्हणतात. झो अंगाने दणकट, नांगराला आणि ओझे वाहण्याला उत्तम; परंतु त्याच्यापासून प्रजा होत नाही. झोमो मात्र दूध देते, गाभण राहते आणि वासरांना जन्मही देते. एकाच आईबापांच्या दोन अपत्यांपैकी एक वंध्य आणि दुसरे सुफल, ही गोष्ट तेथील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हा एका प्रदेशातील जनावरांचा विशेष नसून बहुतेक साऱ्या प्राणिसृष्टीला लागू पडणारा नियम आहे, असे १९२२ मध्ये एका तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले. जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन हे त्यांचे नाव. बेचाळीस वर्षांनी त्यांचे निधन झाले ते ओडिशातील भुवनेश्वर येथे, भारताचे नागरिक म्हणून.

हॉल्डेन यांच्या आयुष्यात सांगण्यासारखे इतके आहे की, चरित्रकारांचे लक्ष युद्ध, राजकारण आणि वादविवाद यांकडेच आधी वळते. मात्र एका प्रजातीतून दोन प्रजाती कशा होतात, आणि एकदा वेगळ्या झाल्यावर त्या पुन्हा एकमेकींत मिसळत का नाहीत, या प्रश्नाची त्यांनी दीर्घकाळ केलेली सोबत तितकीच लक्षणीय आहे. या सोबतीचे महत्त्वाचे टप्पे ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या एकाच नियतकालिकात उमटले, हा योगायोगही नोंद घेण्याजोगा आहे.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणींतील विषारी वायूंचा अभ्यास करताना ते आपल्या लहान मुलालाही बरोबर नेत. एकदा स्टॅफर्डशायरमधील एका खाणीत त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. छताजवळ साचलेल्या वायूमुळे मुलगा धापा टाकू लागला आणि खाली कोसळला. जमिनीलगतची हवा शुद्ध असल्याने तो लगेच सावरला. कोणता वायू कोठे साचतो, हा धडा आयुष्यभर विसरला जाणार नव्हता. आजच्या पालकांना ही शिक्षणपद्धती पसंत पडेल असे वाटत नाही; परंतु स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हॉल्डेन यांची सवय याच घरातील होती.

आनुवंशिकतेशी त्यांची ओळख १९०१ मध्ये झाली. मेंडेल यांचे विस्मृतीत गेलेले नियम नुकतेच पुन्हा प्रकाशात आले होते आणि त्यांवरील एका व्याख्यानाला वडिलांनी आठ वर्षांच्या मुलाला नेले होते. पुढे धाकटी बहीण नेओमी हिच्यासह त्यांनी घरीच गिनिपिग आणि उंदीर पाळून संकराचे प्रयोग केले. उंदरांतील काही जनुके जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, असे दाखवणारा भावंडांचा आणि ए. डी. स्प्रंट या मित्राचा शोधनिबंध १९१५ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. स्प्रंट लढाईत मारले गेले होते आणि हॉल्डेन स्वतः सैन्यात अधिकारी होते. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हा देश त्यांना आवडला; मात्र राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून येथे वावरणे त्यांना रुचले नाही. येथील लोकांशी बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. तो दिवस उजाडण्यास चाळीस वर्षे लागली.

विज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि अभिजात वाङ्मय यांचा अभ्यास केला होता. तरीही युद्धानंतर ते शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले आणि त्याच काळात त्यांनी संकराच्या प्रश्नात लक्ष घातले.

हा प्रश्न डार्विन यांच्यापासून चालत आलेला होता. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ च्या ग्रंथात डार्विन यांनी संकरावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. दोन प्रजातींचा संकर झाला तर संतती बहुधा वंध्य निघते. ही वंध्यता हाच दोन प्रजातींमधील बांध होय. परंतु नैसर्गिक निवड ही जीवाला उपयोगी पडणारे गुण टिकवते. मग वंध्यतेसारखा, वंशच संपवणारा गुण निर्माण कसा होतो? वंध्यता ही मुद्दाम घडलेली नसून अन्य बदलांच्या ओघात आपोआप उपजते, असे डार्विन यांचे मत होते. ते बदल कोणते, हे सांगण्याजोगे आनुवंशिकीचे ज्ञान त्या काळी कोणापाशीच नव्हते.

हॉल्डेन यांनी नवे प्रयोग केले नाहीत. पतंग, फुलपाखरे, पक्षी, सस्तन प्राणी आणि माश्या यांच्या संकरांविषयी इतरांनी नोंदविलेली माहिती त्यांनी एकत्र केली आणि तिची मांडणी लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रांनुसार केली. सस्तन प्राण्यांत मादीजवळ दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर नराजवळ एक एक्स आणि एक वाय. पक्षी आणि फुलपाखरे यांत नेमके उलट असते. तेथे नराची दोन गुणसूत्रे समान आणि मादीची भिन्न. हॉल्डेन यांना आढळले ते असे, की दोन प्रजातींच्या पहिल्या पिढीतील संकरज संततीत एकच लिंग वंध्य, दुर्मीळ किंवा अजिबात नसेल, तर ते भिन्न गुणसूत्रे बाळगणारे लिंग असते. म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरात नर, तर पतंगांच्या संकरात मादी. अवघ्या नऊ पानांचा हा निबंध १९२२ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. नियमाला अपवाद आहेत. पण शंभर वर्षांनंतरही ते थोडेच राहिले आहेत, आणि जीवशास्त्रात इतके टिकाऊ नियम फार नाहीत.

दोषाचे मूळ नरत्वात किंवा मादीत्वात नसून गुणसूत्रांच्या रचनेत आहे, हे या मांडणीतून प्रथमच स्पष्ट झाले. त्यामागील कारणाचा उलगडा मात्र पुढे हळूहळू झाला. समजा, एक समूह डोंगर किंवा समुद्र यांमुळे दुभंगला. एका भागात एक जनुक बदलले, दुसऱ्या भागात दुसरेच. प्रत्येक बदल आपापल्या घरात निर्धोक ठरला, म्हणून टिकला. परंतु हे दोन नवे जनुक एकाच शरीरात कधीच एकत्र नांदलेले नाहीत. हजारो पिढ्यांनंतर दोन समूहांचा संकर झाला की ते प्रथमच समोरासमोर येतात आणि त्यांचे जमत नाही. विल्यम बेटसन यांनी १९०९ मध्ये ही कल्पना सुचविली होती; थिओडोसियस डोबझान्स्की आणि हर्मन मलर यांनी ती १९३० व १९४० च्या दशकांत विकसित केली. आता हॉल्डेन यांचा नियम तिच्या शेजारी ठेवून पाहावा. संकरज मादीजवळ दोन्ही प्रजातींचे एकेक एक्स गुणसूत्र असते. त्यांपैकी एकावर न जुळणारे अप्रभावी जनुक असले, तरी दुसरे त्याला झाकून घेते. नराजवळ एक्स एकच. तेथे झाकणारे कोणी नाही. पक्ष्यांत मादी याच अडचणीत सापडते. या स्पष्टीकरणाला भक्कम गणिती पाया मिळाला तो १९९० च्या दशकात. काही डासांमध्ये लिंग ठरविणारी गुणसूत्रे जवळजवळ सारखी असतानाही संकरज नरच वंध्य निघतात. तेव्हा हे एकमेव कारण नव्हे, एवढेही तेव्हाच ध्यानात आले.

वाचकांच्या मनात येथे खेचराचा विचार येईल. घोड्याची गुणसूत्रे ६४ आणि गाढवाची ६२. हे अंतर इतके वाढले आहे की खेचरांत नर वंध्य असतातच, माद्याही क्वचितच प्रसवतात. उलट भारतीय आणि युरोपीय गाईंच्या संकरातून झालेली जनावरे, नर असोत वा मादी, प्रजननक्षम असतात. गोठ्यातील संकरित गाय, लडाखचा झो आणि डोंगरवाटेवरचे खेचर, या तिन्हींकडे एकाच वाटेवरील तीन मुक्काम म्हणून पाहता येते. दोन प्रजाती वेगळ्या होण्याच्या मधल्या मुक्कामावर हॉल्डेन यांचा नियम दिसतो, म्हणून त्याचे मोल अधिक.

केंब्रिज येथे जीवरसायनशास्त्राचे अध्यापन करीत असताना, १९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीचे गणित मांडणारी निबंधमाला लिहिली. रोनाल्ड फिशर आणि सीवल राइट यांच्या बरोबरीने ते उत्क्रांतीच्या आधुनिक सिद्धांताचे शिल्पकार ठरले ते या कामामुळे. ‘द कॉजेस ऑफ इव्होल्यूशन’ हा त्यांचा ग्रंथ १९३२ चा. त्यात प्रजातींमधील भेदांची आनुवंशिक चिकित्सा आहे. मधल्या काळात एका विवाहित पत्रकार महिलेच्या घटस्फोटाच्या खटल्यात नाव आल्याने विद्यापीठाने त्यांना १९२५ मध्ये पदावरून दूर केले. त्यांनी अपील केले आणि ते जिंकले. पुढे त्याच शार्लट यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९३३ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये होते.

स्पेनचे यादवी युद्ध, हवाई हल्ल्यांपासून बचाव, बुडालेल्या पाणबुडीतून सुटका कशी व्हावी यासाठी स्वतःला बंद कोठडीत कोंडून केलेले प्रयोग, हे सारे त्यानंतरच्या वर्षांतील. याच काळात ते कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले आणि ‘डेली वर्कर’ या पक्षाच्या दैनिकात सामान्य वाचकांसाठी विज्ञानलेख लिहू लागले.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंगही येथेच येतो. सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेंको यांनी मेंडेल यांची आनुवंशिकी खोटी ठरविली होती. परिस्थिती बदलली की एक प्रजाती थेट दुसरीत पालटते, गव्हाच्या ओंबीत राईचे दाणे निपजतात, असे दावे त्यांच्या गोटातून होऊ लागले. १९४८ मध्ये सरकारने याच मताला अधिकृत मान्यता दिली. हॉल्डेन यांना १९२८ मध्ये रशियात बोलावणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलॉव्ह हे १९४३ मध्येच तुरुंगात मरण पावले होते. प्रजाती कशा बनतात याविषयी सर्वाधिक अधिकाराने बोलू शकणाऱ्या माणसांपैकी हॉल्डेन हे एक होते. परंतु लायसेंको यांचा निःसंदिग्ध निषेध त्यांनी केला नाही. सार्वजनिक वादात त्यांनी सावध, दोन्हीकडे पाय ठेवणारी भूमिका घेतली. पक्षनिष्ठा आणि शास्त्रनिष्ठा यांची ओढाताण त्यांच्या मनात चालली असेल हे मान्य करूनही, त्या मौनाचे समर्थन करता येत नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही फारसा गाजावाजा न करता.

या वर्षांत त्यांचे शास्त्रीय काम मात्र सुरूच होते आणि त्यात लायसेंको यांना कोठेही जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’चे संपादन त्यांच्याकडे आले. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना प्राण्यांचा रंग किंवा आकार क्रमाक्रमाने का पालटतो, याचे गणित त्यांनी १९४८ मध्ये याच नियतकालिकात मांडले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी हेलन स्पर्वे या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होत्या. न्यूट नावाच्या पाणसरड्यांच्या निरनिराळ्या वंशांचा संकर घडवून, संकरज संततीत जननपेशी तयार होताना गुणसूत्रे कशी वागतात, हे त्यांनी एका सहकाऱ्यासह १९५१ मध्ये तपासले. तो निबंधही तेथेच प्रसिद्ध झाला.

१९५७ मध्ये आला तो नैसर्गिक निवडीच्या किमतीविषयीचा निबंध. जुन्या जनुकाची जागा नव्याने घ्यायची, तर जुने जनुक बाळगणाऱ्यांनी प्रजेविना मागे पडले पाहिजे. समूहाला हे नुकसान एकाच वेळी फार सोसवत नाही. यावरून हॉल्डेन यांनी अंदाज बांधला, की एका जनुकाचा बदल पूर्ण होण्यास सरासरी सुमारे ३०० पिढ्या लागत असाव्यात. आणि दोन प्रजातींत १,००० जनुकांचा फरक असेल, तर तो घडून येण्यास किमान ३,००,००० पिढ्या लागतील. आकडे ढोबळ आहेत याची त्यांना कल्पना होती. पुढे याच हिशेबाचा आधार घेऊन जपानचे मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये आपला सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला. बहुतेक रेणवीय बदल निवडीविनाच, केवळ योगायोगाने टिकतात, असे त्याचे सार आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात मात्र सिक्लिड माशांच्या शेकडो प्रजाती अवघ्या सुमारे १५,००० वर्षांत निर्माण झाल्या. या माशांच्या पूर्वजांमध्येच दोन वंशांचा संकर झाला होता आणि त्या संकरातून मिळालेले वैविध्य कामी आले, असे २०१७ च्या संशोधनातून दिसते. प्रजाती घडण्याचा वेग एकच नसतो, आणि संकर हा प्रत्येक वेळी अडसरच ठरतो असेही नाही.

त्याच १९५७ मध्ये हॉल्डेन आणि स्पर्वे यांनी इंग्लंड सोडले. १९५६ च्या सुएझ प्रकरणातील ब्रिटिश सरकारच्या वर्तनाचा निषेध हे त्यांनी दिलेले एक कारण होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांचे स्वागत केले. हॉल्डेन धोतर-कुडता वापरू लागले, त्यांनी मांसाहार सोडला आणि पुढे भारतीय नागरिकत्वही घेतले. नियतकालिकही ते बरोबर घेऊन आले.

भारतात महागड्या उपकरणांवाचून उत्तम जीवशास्त्र करता येते, हा त्यांचा आग्रह होता. वही, पेन्सिल आणि चिकाटी असली की पुरे. त्यांच्या सहकाऱ्यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, नारळाच्या झावळ्यांचा पीळ डावा की उजवा हे पाहिले. कृष्णा द्रोणमराजू या तरुण विद्यार्थ्याने घाणेरीच्या झुडपांपाशी उभे राहून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर बसते, याची मोजदाद केली. वरवर पाहता हा खेळ वाटेल. परंतु काही फुलपाखरे ठराविक रंगाचीच फुले निवडत असतील, तर त्या रंगाचे पराग त्याच रंगाच्या फुलांत फिरत राहणार. म्हणजे डोंगर नाही, समुद्र नाही, तरी एकाच बागेत दोन गट अलग पडू शकतात. एकाच ठिकाणी राहून नवी प्रजाती बनण्याची ही एक संभाव्य वाट असल्याचा द्रोणमराजू यांचा निबंध १९६० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या घाणेरीवरून निघालेले हे संशोधन, हॉल्डेन यांना भारताकडून काय अपेक्षित होते याचा उत्तम नमुना आहे. सुरेश जयकर हे त्यांचे आणखी एक विद्यार्थी. त्यांनी स्पर्वे यांच्यासह पीतमुखी टिटवीच्या विणीचा केलेला अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६५ मध्ये आला.

संस्थेशी मतभेद झाल्याने १९६१ मध्ये हॉल्डेन यांनी कोलकाता सोडले. नोकरशाहीशी त्यांचे कोणत्याच देशात फारसे जमले नाही, हेही खरे. १९६२ मध्ये ओडिशा सरकारच्या साहाय्याने भुवनेश्वर येथे आनुवंशिकी आणि जीवसांख्यिकी प्रयोगशाळा उभी राहिली; तिच्या वाट्याला त्यांची दोनच वर्षे आली. कर्करोगाचे निदान झाल्यावर १९६४ च्या आरंभी लंडनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या आजारावर त्यांनी विनोदी कविता लिहिली आणि ती प्रसिद्धही केली. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्यांच्या नियमाचा आवाका मात्र वाढतच गेला. नर-मादी वेगळ्या असणाऱ्या काही वनस्पतींतही तो लागू पडतो, असे २०१० मध्ये आढळले. २०१४ मध्ये आधुनिक मानवाच्या जनुकसंचातील निअँडरथल वंशाचे अंश तपासले गेले, तेव्हा एक्स गुणसूत्रावर ते अंश इतर गुणसूत्रांच्या मानाने फारच कमी असल्याचे दिसले. वृषणांत कार्यरत असणाऱ्या जनुकांच्या परिसरातही त्यांची वाण होती. निअँडरथल आणि आपले पूर्वज यांच्या संकरातून जन्मलेल्या मुलग्यांची प्रजननक्षमता घटलेली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

हॉल्डेन यांच्या पश्चात हेलन स्पर्वे भारतातच राहिल्या आणि १९७८ मध्ये हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’चे काम त्यांनी पुढे चालविले होते. नंतर काही वर्षे खंडित झालेले हे नियतकालिक बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९८५ मध्ये पुन्हा सुरू केले, आणि ते आजही तेथूनच निघते.